एक्स्टेंड्स, ब्लॉक आणि गायब झालेली सूचना

बाजारभावांची साइट जँगोमध्ये (पायथॉनमधल्या वेबसाइट बनवायच्या चौकटीत) करतोय. लासलगावच्या पानावर ‘आज लिलाव बंद’ अशी सूचना टाकली, पण ती दिसत नाही. एररही नाही. (वाचक, गंगापूर रोड)

सूचना ब्लॉकच्या, म्हणजे टेम्प्लेटमधल्या नाव दिलेल्या, बदलता येणाऱ्या भागाच्या बाहेर पडली असणार. पानात एक्स्टेंड्स (हे पान अमुक टेम्प्लेटवर बेतलंय असं सांगणारा टॅग) आलं की सांगाडा बेस टेम्प्लेटचा, म्हणजे सगळ्या पानांच्या सामायिक साच्याचा. पानातलं फक्त ब्लॉकमधलं उचललं जातं, बाकीचं जँगो मुकाट्याने सोडून देतं. ब्लॉकचं नावही अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. बेसमध्ये ‘कंटेंट’ आणि पानात ‘कंटेंट्स’ असलं तरी हेच होतं, आणि एका ‘एस’पायी अख्खी दुपार जाते. एक्स्टेंड्स हा फाइलमधला पहिलाच टॅग हवा. त्याच्याआधी लोड (जादा टॅग मागवणारा टॅग) टाकलंत तर मात्र टेम्प्लेट सिंटॅक्स एरर येईल.

लासलगाव, पिंपळगाव बसवंत, नाशिक: सगळ्या पानांना एकच साइडबार हवा. प्रत्येक पानात लिहायचा का? (वाचक, सातपूर)

नको, मधली पायरी घाला. बेसमध्ये हेड, मेनू, फूटर. मधलं ‘भाव’ टेम्प्लेट बेसला एक्स्टेंड करेल आणि ‘कंटेंट’ ब्लॉकच्या आत साइडबार व ‘तक्ता’ नावाचा नवा रिकामा ब्लॉक ठेवेल. बाजाराचं पान ‘भाव’ला एक्स्टेंड करून फक्त ‘तक्ता’ भरेल. त्याने पुन्हा ‘कंटेंट’ लिहिला की साइडबार गेलाच! स्टाइलच्या ब्लॉकमध्ये एखादी सीएसएस फाइल वाढवायची असेल तर आधी ब्लॉक डॉट सुपर (वरच्या टेम्प्लेटमधला ब्लॉकचा मजकूर आणणारं) लिहा, नाहीतर बेसमधल्या फाइली उडतात. लोड स्टॅटिक वारशाने येत नाही. जिथे स्टॅटिक टॅग (सीएसएस, चित्रं अशा फाइलींचा पत्ता देणारा) वापराल त्या प्रत्येक फाइलमध्ये ते लिहावं लागतं. तीन पायऱ्या पुरतात. चौथी घातली की कुठला ब्लॉक कुठून आला हे शोधणं जड जातं.

हेडर इन्क्लूडने (दुसरी फाइल आत घेणाऱ्या टॅगने) आणलंय. त्यातला ब्लॉक पानातून बदलत नाही. (वाचक, पंचवटी)

बदलणारही नाही. इन्क्लूड केलेली फाइल स्वतंत्रपणे रेंडर होते आणि तयार एचटीएमएल तेवढं आत येतं. ब्लॉक बेसमध्ये आणा आणि इन्क्लूडची ओळ त्याच्या पोटात ठेवा.

फ्लास्कमध्ये (पायथॉनच्याच दुसऱ्या वेब-चौकटीत) लूपच्या आतल्या ब्लॉकमध्ये भाव रिकामा येतो. जँगोमध्ये चालत होतं. (वाचक, सिडको)

जिंजामध्ये, म्हणजे फ्लास्क वापरतं त्या टेम्प्लेट-भाषेत, ब्लॉकला बाहेरच्या लूपचं व्हेरिएबल आपोआप दिसत नाही. बेसमध्ये ब्लॉकच्या नावापुढे ‘स्कोप्ड’ लिहा. पानात पुन्हा लिहायची गरज नाही. आणि इथे ब्लॉक डॉट सुपर नव्हे, कंसासकट सुपर लागतं.