तुझा मंगळवार कुठे जाणार?

प्रिय,

तुझी फाईल उघडली. एक्स्चेंजसाठी, म्हणजे इथलाच विद्यार्थी राहून काही काळ तिकडं शिकण्यासाठी, अमेरिकेतली सात विद्यापीठं, अकरा रकाने, आणि त्यातला रँकिंगचा रकाना पिवळाधमक. बाकीच्या रकान्यांत कुठं रिकामी जागा, कुठं प्रश्नचिन्ह; रँकिंगमध्ये मात्र एकही घर मोकळं नाही. खाली लिहिलंयस, "मॅडम, काहीच सुचत नाहीये, शुक्रवारपर्यंत पसंतीक्रम द्यायचाय." सुचत नाहीये हे खोटं. तुला सुचलंय, ते तू पिवळं करून ठेवलंयस आणि आता त्यावर माझी सही हवीय. ती मिळणार नाही.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस वगैरे लिहीत बसत नाही. मला एकच विचारायचंय, आणि तेच मी या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे. या सातांपैकी प्रत्येक ठिकाणी ऑक्टोबरमधला एक साधा मंगळवार तू कसा काढणार?

मंगळवारच का, तर तिकडं बऱ्याच ठिकाणी सोमवार-बुधवार-शुक्रवारचे तास पन्नास मिनिटांचे असतात आणि मंगळवार-गुरुवारचे सव्वा तासाचे. सव्वा तास म्हणजे एक तर काहीतरी खरंच शिकवलं जातं, नाहीतर खरीच झोप लागते. पहिल्या आठवड्यातलं ओरिएंटेशन, फुगे, फुकटचे टी-शर्ट यात तुला काही कळणार नाही. मंगळवारी कळेल.

माझा मंगळवार सांगते. मला जायचं होतं तेव्हा माझ्यापुढं दोन पाकिटं होती. एक अशा विद्यापीठाचं, ज्याचं नाव माझ्या आजीनंही ऐकलं होतं. दुसरं एका लहानशा कॉलेजचं, जिथं हिवाळाभर बर्फ आणि एरवी चहूकडे मका. त्या दुसऱ्या पाकिटात छापील कागदांबरोबर एका प्राध्यापकानं हातानं लिहिलेलं दीड पान होतं. सॅम्पलिंगच्या वर्गात यंदा सहाजण आहेत, तुम्ही आलात तर सात होऊ. आसपासच्या शेतकऱ्यांचं एक सर्वेक्षण करायचं घाटतंय, त्याची प्रश्नावली तुम्ही तयार कराल का? 'कराल का' असं विचारलं होतं त्यानं, एकवीस वर्षांच्या मुलीला. मी त्याला नम्रपणे नकार कळवला. घरी कुणी त्या कॉलेजचं नावच ऐकलं नव्हतं ना!

मोठ्या नावाच्या जागी पोहोचल्यावर कळलं की मला हवे असलेले तिन्ही विषय त्या विभागाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. एक्स्चेंजवाल्यांचं रजिस्ट्रेशन सगळ्यांच्या शेवटी. उरलं काय, तर सांख्यिकीची तोंडओळख. मीन, मीडियन, मोड. 360 खुर्च्यांचं सभागृह, मंगळवारी अकरा वाजता. माझ्या नेहमीच्या खुर्चीच्या हातावर कुणीतरी पेनानं बदक कोरलेलं होतं. त्या वर्षातली माझी सगळ्यात घट्ट ओळख त्या बदकाशी झाली. डिसेंबरात शिफारसपत्र मागायला गेले तर प्राध्यापकांनी अगदी सौजन्यानं विचारलं, "तुम्ही कोणत्या सेक्शनला होतात?" पत्र मिळालं, साडेचार ओळींचं. त्यात माझी हजेरी नियमित असल्याचा आवर्जून उल्लेख होता.

हसून झालं असेल तर पुढं वाच.

आधी तुझे दोन रकाने उडव. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची फी, आणि आरोग्यविमा. तू जे-1 या एक्स्चेंजच्या व्हिसावर जाणार, म्हणजे सेव्हिसचे 220 डॉलर सातही ठिकाणी तेच. विम्याची किमान अट, दर आजारामागं किंवा अपघातामागं एक लाख डॉलरचं संरक्षण, तीही सगळीकडे तीच. जे सगळीकडे सारखं आहे त्याचा निवडीशी काय संबंध? दोन रात्री घालवल्यास तू त्यात. मला कळतं, असले आकडे भरताना काम केल्यासारखं वाटतं.

त्या जागी हे कर. सरकारी विद्यापीठांपैकी बरीचशी आपलं सत्राचं वेळापत्रक सगळ्यांना बघता येईल असं ठेवतात. गेल्या वर्षीच्या शरद ऋतूतलं, म्हणजे त्यांच्या 'फॉल'चं वेळापत्रक उघड. सांख्यिकी विभाग काढ. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विषय बघ, म्हणजे बऱ्याच ठिकाणी 300 आणि 400 क्रमांकांचे; सगळीकडे क्रमांक तसेच नसतात. प्रत्येकापुढं जागा किती, भरल्या किती, वेटलिस्ट किती ते दिसतं. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'फक्त मेजर्ससाठी', म्हणजे त्याच विभागाच्या विद्यार्थ्यांसाठी. ती ओळ माझ्या वेळी मला कुणी दाखवली नाही. आणि शिकवणाऱ्याच्या रकान्यात नाव आहे का 'स्टाफ', म्हणजे कोण शिकवणार ते ठरलेलंच नाही, ते बघ. 'स्टाफ' नावाचे एक थोर प्राध्यापक अमेरिकेत सगळ्या विद्यापीठांत एकाच वेळी शिकवतात. त्यांच्याकडून शिफारसपत्र मिळत नाही.

पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून टिकायला तुला सत्राला निदान 12 क्रेडिट घ्यावी लागतील, म्हणजे साधारण चार विषय. त्यातले दोन बंद निघाले तर ती जागा तू कशानं तरी भरणारच. माझी मीन-मीडियन-मोडनं भरली. म्हणून विभागाच्या समन्वयकाला आत्ताच विचार की एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याला हे चार विषय मिळतात का, आणि इथला तुझा लिनियर मॉडेल्सचा पेपर तिथल्या प्रीरिक्विझिटला, म्हणजे आधी झालेला असायलाच हवा अशा विषयाला, चालतो का. विषयांचे क्रमांक टाकून विचार. 'तुमच्या नामवंत विद्यापीठात शिकण्याचं माझं स्वप्न' असलं काही त्यात आलं तर मला दाखवू नकोस.

आता तुझ्या यादीतलं शेवटचं नाव. एम्स, आयोवा. त्यापुढं तू लिहिलंयस, "गाव लहान". आणि कंसात, "बाबा विचारतात एम्स म्हणजे दिल्लीचं हॉस्पिटल ना?" बाबांचं ठीक आहे, पण तू सांख्यिकीचा विद्यार्थी ना? अमेरिकेतली पहिली सांख्यिकी प्रयोगशाळा 1933 साली त्या लहान गावात निघाली, जॉर्ज स्नेडेकरनी काढलेली. परीक्षेत ज्या एफच्या तक्त्यावर तू बोट फिरवतोस, त्याला ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या नावावरून एफ हे अक्षर दिलं ते याच स्नेडेकरनी. स्वतः रोनाल्ड फिशर 1931 आणि 1936 अशा दोन उन्हाळ्यांत तिथं जाऊन राहिले. संख्याशास्त्रज्ञ गर्ट्रूड कॉक्स तिथूनच पुढं गेल्या. तुझ्या तक्त्यात त्या जागेला दोन शब्द मिळाले, गाव लहान.

थांब. आता तू लगेच एम्स पिवळं करशील, आणि तीही तीच चूक. फिशर तुला शिकवणार नाहीत. 1933 हेसुद्धा एक नावच आहे, फक्त तुझ्या बाबांऐवजी मला भुरळ घालणारं. एम्सलाही तोच प्रश्न लाव. मंगळवारी वर्गात कोण, किती जण, त्यानंतर तू कुठं? ऑफिस अवर्स म्हणजे प्राध्यापक दार उघडं ठेवून बसलेला असतो. ऐंशीजणांच्या वर्गातही बहुतेक वेळा तिथं कुणी फिरकत नाही. तिथं जायला तुझ्या वेळापत्रकात जागा आहे का, की तेव्हाच तुझा दुसरा तास?

सत्रांचंही बघ, हे मी भराभर सांगते. सिअॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि यूसीएलए क्वार्टरवर चालतात, दहा आठवड्यांत विषय खलास. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मिडटर्म येते, तोवर तुझा जेट लॅग नुकता उतरलेला असतो. बर्कली, मॅडिसन, एम्स सेमिस्टरवर, पंधरा-एक आठवडे. तुला पहिला महिना उच्चारांशी झगडायला लागणार, हे मी तुला चार वर्षं ओळखते म्हणून सांगते. शिवाय क्वार्टरवाले सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालतात. तुझी इथली परीक्षा कधी आहे ते तुझ्या अकरा रकान्यांत कुठंच नाही!

पैसा. एक्स्चेंजमध्ये ट्यूशन तू इथंच भरणार, म्हणून तू सगळ्यांपुढं "फी समान" लिहून मोकळा झालास. भाडं आणि जेवण समान आहे का? बॉस्टनमध्ये परवडणारी खोली घेशील तर मंगळवारी संध्याकाळी तू कदाचित तासभर ट्रेनमध्ये असशील. एम्समध्ये सायराईड या गावच्या बससेवेत विद्यार्थ्यांना तिकीट पडत नाही आणि सगळं गाव त्या बसच्या टप्प्यात आहे. वर्ग संपल्यावर व्हाइटबोर्डापाशी जी तीन-चार पोरं रेंगाळतात, त्यांच्यात तू असणार की स्टेशनकडे पळणार, हे भाड्यावर ठरतं. डीएस-2019 साठी, म्हणजे जे-1 व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या कागदासाठी, किती रक्कम दाखवायची तो आकडा प्रत्येक विद्यापीठ आपापला सांगतं. तो मागवून घे आणि शेजारी शेजारी लाव.

मागच्या वेळी तू मला गप्प करायला बाबासाहेबांना पुढं केलंस. "तेही कोलंबियालाच गेले." गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, 1913 साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन. आणि तिथं त्यांनी काय केलं? अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन, तत्त्वज्ञ ड्यूई यांच्या पुढ्यात बसून. पुढं आयुष्यभर आठवण काढली ती या गुरूंची आणि वर्गमित्रांची. असे मंगळवार तुझ्या यादीतल्या पहिल्या नावात तुला मिळत असतील तर खुशाल तिथं जा, तिकीट मी काढून देते. पण ते मिळतात का हे तू पाहिलेलंच नाहीस. पिवळा रंग दिलायस.

तू म्हणशील, मॅडम, त्या नावामुळंच तुम्हाला पहिली नोकरी लागली. मुलाखतीचं बोलावणं नावामुळं आलं, कबूल. मुलाखतीत पहिला प्रश्न आला, "तिथं काय केलंत?" आणि मी ग्रंथालयाच्या इमारतीचं वर्णन करायला लागले. नोकरी मिळाली ती जाण्याआधी केलेल्या प्रकल्पामुळं, निदान मी तसं धरून चालते. तो नाव छापलेला राखाडी स्वेटशर्ट मी अजून घालते हे तू पाहिलंयस, तेव्हा लपवून उपयोग नाही. कापड चांगलं आहे.

आणि माझंही एकदा चुकलंय. तुझ्याआधीच्या एका मुलीला मी अशीच हट्टानं लहान कॉलेजात पाठवली. वर्ग आठजणांचा, प्राध्यापक उत्तम, मंगळवार सोन्यासारखा. जानेवारीत तिचा फोन आला. साडेचारला अंधार पडतो, मॅडम, सगळे शनिवारी आपापल्या घरी जातात आणि मी कपडे धुण्याच्या खोलीत बसते, तिथं गरम असतं. मी तिला मंगळवार बघायला सांगितलं होतं, शनिवार सांगायचा राहिला. ती आजही माझ्याशी मोजकंच बोलते. तिनं तिथं केलेलं काम मात्र फार चांगलं आहे, हे मी तिला सांगितलं तर तिला ते माझं समर्थन वाटतं. असेलही. तरी मी माझा प्रश्न बदललेला नाही, त्याला एक शेपूट जोडलंय. तेव्हा तू शनिवारही बघ. वसतिगृह सुट्टीत उघडं असतं का, इतर एक्स्चेंजचे विद्यार्थी किती, रात्री बस किती वाजेपर्यंत.

गुरुवारी रात्रीपर्यंत मला सात मंगळवार पाठव. प्रत्येकाला अर्धं पान. सकाळी कुठून निघालास, कोणत्या क्रमांकाचा वर्ग, शिकवणाऱ्याचं नाव, वर्गात किती जण, दुपारी चार वाजता कुठं आहेस, कुणाशी बोललास. जिथं लिहिता येणार नाही तिथं कोरं सोड, बनवू नकोस. मला कळतं. रँकिंगचा रकाना काढून टाकलेला असू दे. नुसता लपवू नकोस, 'अनहाइड' मलाही येतं.

तुझी,
मॅडम

ता. क. बाबांशी मी रविवारी बोलते. हॉस्पिटलचं मी समजावेन, स्नेडेकरचं तू समजाव.