शुगर आहे माहितीये, पण डॉक्टरकडे जायचं नाव नाही

"मॅडम, यांना शुगर निघालीये, पण दवाखान्यात चला म्हटलं की अंगावरच येतात, आता तुम्हीच सांगा काहीतरी." नवऱ्याच्या जागी कधी सासरे असतात कधी वडील, पण माझ्याकडे बोलायला येणाऱ्यांची तक्रार हीच. त्यातली एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नाशिकच्या सिडकोतल्या एक ताई. मिस्टर अंबड एमआयडीसीत मशीनवर, काम कॉन्ट्रॅक्टवर. एचबीए१सी ९ च्या वर, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, जी बहुतेकांना ७ च्या खाली ठेवायला सांगतात. ताईंनी कारल्याचा रस पाजला, पोरांची शपथ घातली, पाय कापलेल्या पेशंटचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. फोटो आल्यापासून तर दादांनी रिपोर्टची फाईलच कपाटाच्या वर टाकून दिली. माणूस घाबरला की दवाखान्याकडे पळतो असं घरच्यांना वाटतं, माझ्या बघण्यात तरी तो जास्त करून उलटीकडे पळतो.

दादा आले ते "हिच्या समाधानासाठी". शुगर काय असते हे मी सांगत बसले नाही, त्यांना माहिती होतंच. एवढंच विचारलं, डॉक्टरकडे गेलात तर पुढे काय होईल असं वाटतं?

"गोळी लागेल, मग सुई लागेल, मग आमच्या अण्णांसारखं. अण्णांना सुई चालू केली आणि वर्षात पाय गेला."

हे बायकोलाही माहिती नव्हतं बरं का, इतकी वर्षं संसार करून. अण्णांची साखर कित्येक वर्षं वाढलेलीच होती, पायाची जखम चिघळल्यावर शेवटी इन्सुलिन आलं, पाय गेला तो साखरेने आणि इन्फेक्शनने, पण घरच्यांनी आधी सुई बघितली आणि नंतर पाय गेलेला बघितला, मग दोष कुणाला जाणार? हे मी नीट उलगडून सांगितलं तेव्हा दादा पहिल्यांदा पुढे सरकून बसले.

मग बाकीचं निघालं. सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. सकाळी उपाशीपोटी रक्त, जेवून दोन तासांनी परत रक्त, मग डॉक्टरची लाइन, आणि आत गेल्यावर दोन मिनिटं बोलणी खायची, मिसळ बंद, भात बंद. वर "मला काही त्रासच होत नाही".

अमेरिकेत १९५० च्या दशकात टीबीसाठी फुकट एक्स-रेची सोय करूनही लोक येईनात, तेव्हा मानसशास्त्रज्ञांनी शोधलं की असं का होतं. मला हा आजार होऊ शकतो का, झाला तर कितपत वाईट, जाऊन फायदा काय, जायला अडचण किती, असा हिशोब माणूस मनात मांडतो, आणि वर उठून जायला बाहेरून एखादा धक्का लागतो. दादांच्या हिशोबात अडचणीच अडचणी होत्या. त्यातली एक लगेच सुटली, एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही, शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी रक्त दिलं तरी चालतं.

धक्का मात्र भलतीकडूनच आला. दादा दर श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करतात, अनवाणी. मी सहज विचारलं, पाय सोलवटत असतील ना? म्हणाले, "मागच्या वर्षी मोठे फोड आलेले, पण दुखलं नाही, घरी आल्यावर हिने दाखवले तेव्हा कळलं. मला वाटलं महादेवाची कृपा." ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, दादा, साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या तरी असंच होतं, फेरी करायचीच असेल तर आधी पाय दाखवून घ्या.

शुगरसाठी न जाणारा माणूस फेरीसाठी गेला! सोबत बायको नाही, शिफ्टमधला मित्र, जो स्वतः गोळ्या घेतो आणि ठणठणीत कामावर येतो. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवला, लागला की सांगा म्हणाले. काही ठिकाणी दादा गप्पच. आता गोळ्या चालू आहेत, डोळ्यांचा पडदाही तपासून झाला (हा वर्षातून एकदा बघावाच लागतो), आणि फेरीला बूट-मोजे घालायचे की नाही यावर घरात वाद चालू आहे.

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर "चला" म्हणायच्या आधी "कशाची भीती वाटते" हे विचारून बघा, आणि उत्तर मधे न तोडता ऐका. फक्त पायाला जखम असेल, दिसायला अचानक कमी झालं असेल किंवा उलट्या होऊन ग्लानी येत असेल, तर ही समजूत वगैरे काढत बसू नका, त्याच दिवशी उचलून दवाखान्यात न्या, रुसले तरी चालेल.