प्रश्न तुमचे: मेल पाठवून थकले, उत्तरच येत नाही

प्रश्न: मी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉम्प्युटेशनल केमिस्ट्री (कॉम्प्युटरवर गणित करून केलेली केमिस्ट्री) किंवा मटेरियल सायन्समध्ये उन्हाळ्याची इंटर्नशिप करायची आहे, पण आमच्या कॉलेजात तशी लॅबच नाही. कितीतरी सरांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. एक जण तर पैसे भरा, घरबसल्या सर्टिफिकेट देतो म्हणून राहिला. काय करू?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: सर्टिफिकेटसाठी एक रुपयाही देऊ नकोस. उलट चांगल्या प्रोग्राममध्ये तुलाच स्टायपेंड मिळतो. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया) या तिघी मिळून दोन महिन्यांची समर फेलोशिप देतात, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरचीही वेगळी आहे, पण यांचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी निघतात, म्हणून दिवाळीच्या आधीपासूनच त्यांच्या साइट बघायला लागायचं.

आता मेलचं. "मला तुमच्या विषयात खूप इंटरेस्ट आहे" असं सगळेच लिहितात गं, त्यातून सरांना काहीच कळत नाही. मेल करायच्या आधी घरी एक कॅल्क्युलेशन करून बघ. क्वांटम एस्प्रेसो हे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. सिलिकॉन घे, दोनच अणूंचा सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा सगळ्यात छोटा तुकडा. आधी कटऑफ (गणितात किती बारीक लहरींपर्यंत जायचं ती मर्यादा) वाढवत जा, मग के-पॉइंट्स (ज्या बिंदूंवर हिशोब होतो त्यांची जाळी) २×२×२, ४×४×४, ६×६×६ असे वाढव आणि एनर्जी कुठे स्थिर होते त्याचा ग्राफ काढ, कारण हे न तपासता आलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो आणि नवीन पोरं नेमकं हेच सोडतात. पीबीई (इलेक्ट्रॉनच्या एकमेकांवरच्या परिणामाचं नेहमी वापरलं जाणारं अंदाजी सूत्र) वापरलंस तर लॅटिस कॉन्स्टंट, म्हणजे स्फटिकाच्या घनाची बाजू, ५.४७ अँगस्ट्रॉमच्या आसपास येईल, प्रयोगातला आहे ५.४३. बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वीज वाहायला मोकळं होण्यासाठी लागणारी ऊर्जा) मात्र ०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, खरा १.१! घाबरू नकोस, तुझी इनपुट फाइल चुकलेली नाही, गॅप कमी दाखवणं ही पीबीईची माहीत असलेली मर्यादा आहे. ती का आहे हे वाचून स्वतःच्या शब्दात चार ओळी लिही. ग्राफ आणि या ओळी, एवढं एक पान मेलला जोड, आणि त्या सरांचा एखादा पेपर खरंच वाचून त्यातला एक नेमका प्रश्न विचार. असा मेल माणूस पूर्ण वाचतो.

बाहेरगावीच जायला पाहिजे असंही नाही. आपल्या नागपूरच्याच व्हीएनआयटी इंजिनिअरिंग संस्थेत केमिस्ट्री विभाग आहे, मेटलर्जी अँड मटेरियल्स पण आहे, प्रतापनगरहून काही लांब नाही, ते पान घेऊन सरळ जाऊन भेट. कॉम्प्युटेशनल कामाला केमिकलं लागत नाहीत, त्यामुळे सर हो म्हणाले की बरंचसं काम घरी कूलरसमोर बसूनही होतं.

आणि हो, कॉलेजचं एनओसी अन् मॅडमचं रेकमेंडेशन लेटर आत्ताच मागून ठेव, मे महिन्यात ऑफिसात कोणी सापडत नाही.