मांजराच्या गळ्यातली घंटा

"बावीस मिस्ड कॉल, मॅडम. बावीस! आणि हे आपले गाढ झोपलेले."

मुलगी अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. शेजारी तिचे वडील, वय ७९. हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. पत्नी जाऊन दोन वर्षं झालेली, काका एकटे राहतात, मुलगी दुसऱ्या गावात. त्या दुपारी तिने सहज फोन केला. उचलला नाही म्हणून परत केला. मग नवऱ्याला, मग वडिलांच्या शेजाऱ्यांना, आणि शेवटी हातातलं काम टाकून ती गाडीत बसली. दार उघडलं काकांनीच, डोळे चोळत. "आज मधेच कशी काय आलीस?"

ओळख पटू नये म्हणून इथले बारीकसारीक तपशील मी बदललेत. प्रश्न मात्र आहे तसाच ठेवलाय, कारण तो माझ्याकडे सारखा येतो: म्हातारपणी मोबाईल हवाच का? विचारतात मुलं, आणि त्यांना उत्तर 'हो' असंच हवं असतं.

"फोन मी घेऊन दिला, रिचार्ज मी करते, दहा वेळा शिकवून झालं," मुलगी सांगत होती. "तरी कपाटात ठेवतात. रुमालात गुंडाळून! तुम्ही एवढंच समजावा, की आता याच्याशिवाय चालत नाही."

काकांकडे वळले तर ते म्हणाले, "माझं काही अडत नाही. घरी लँडलाइन आहे. अकरा नंबर पाठ आहेत, बाकीचे वहीत."

इथे मी चुकले. मुलीची धास्ती समोर दिसत होती, काकांचं 'अडत नाही' मला नेहमीच्या हट्टासारखं वाटलं. मी त्यांना गृहपाठ दिला: रोज मुलीला एक मेसेज पाठवायचा. काकांनी मान डोलावली. मान डोलावणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी मुलगी एकटीच आली. मेसेज एकही नाही, आणि बाबा म्हणतात पुन्हा त्या बाईंकडे नेऊ नकोस.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. लँडलाइनवरून. "मला एकट्याला वेळ मिळेल का?"

ते आले आणि बसताक्षणी म्हणाले, "मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, ही कल्पना उंदरांची. मांजराला कुणी विचारलं होतं का?"

मी हसले. ते हसले नाहीत.

दिवसातून चार वेळा मुलीचा फोन येतो, त्यांनी सांगितलं. उठलात का, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, दार लावलंत का. "चुकीचं काहीच विचारत नाही हो ती. पण बोलत नाही, हजेरी घेते." मग थोडं थांबून, जरा आवाज उतरवून म्हणाले, "बँकेत माझ्या नावावर नंबर तिचा आहे. परवा मी थोडे पैसे काढले. बँकेच्या पायऱ्या उतरून घरी पोचतोय तोवर तिचा फोन. बाबा, कशाला लागले? माझ्या खात्याचा निरोप तिच्या खिशात जातो."

"मग कशाला लागले होते?" हा प्रश्न माझ्याही जिभेवर आला होता. गिळला.

घरी जाऊन मी १९७६ सालच्या एका प्रयोगाबद्दल पुन्हा वाचलं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एका वृद्धाश्रमात तो केला होता. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, तुमच्या गोष्टी तुम्ही ठरवा. आणि प्रत्येकाला एक रोपटं दिलं, सांभाळायची जबाबदारी त्यांचीच. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी कर्मचारी घालतील असं सांगितलं, आणि एकूणच तुमची काळजी आम्ही घेऊ असा सूर ठेवला. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त मिसळणारी होती. रोपटं दोघांकडेही होतं. काकांना मिळालेला मोबाईल दुसऱ्या मजल्यावरचा होता.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बोलावलं. येताना तो रुमालही आणायला सांगितला, आतल्या फोनसकट.

"काका, मला फोन लावा," मी म्हटलं. मुलीच्या नकळत घड्याळाकडे बघत राहिले. काकांनी चष्मा बदलला, फोन उलटा धरला, सुलटा केला, बटण दाबून पडदा उजळवला. सातव्या सेकंदाला मुलीचा हात पुढे आला. "आणा इकडे, मी देते लावून." फोन तिच्या हातात गेलासुद्धा, आणि काकांचे हात पुन्हा मांडीवर. तेच, पहिल्या दिवशीचे.

मी तिला घड्याळ दाखवलं. ती वरमली. ती वाईट वागत होती असं नव्हे. घरोघरी हेच होतं. दहा वेळा शिकवलं म्हणजे दहा वेळा शिकवणाऱ्यानेच करून दाखवलं. हाताचं काम हातानेच शिकलं जातं, आणि असं अंगवळणी पडलेलं वयातही चांगलं टिकतं. कानाने ऐकलेल्या पायऱ्या मात्र दुपारपर्यंतही पुरत नाहीत. मी तिला सांगितलं, आता दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा. तशी ती बसली, आणि काका पहिल्यांदाच खुदकन हसले.

मग आम्ही दोघींनी नुसतं बघितलं. काका चित्रावर बोट ठेवत आणि दाबून धरत. आयुष्यभर खरी बटणं दाबलेला हात तो. खट्‌ झाल्याशिवाय काम झालं असं त्याला वाटणार कसं? पडद्याला मात्र लांबलेला स्पर्श म्हणजे वेगळाच हुकूम. हे चित्र हलवू का, काढून टाकू का, असं तो विचारायला लागतो आणि माणूस घाबरतो. कितीदा तर उलटंच होई: काका बोट लावत आणि काहीच घडत नसे, मग ते आणखी जोर देत. टचस्क्रीनला जोर कळत नाही. तिला कळतो त्वचा टेकल्यावर विद्युतभारात पडणारा फरक, आणि वयाने कोरड्या पडलेल्या बोटांनी तो फार थोडा पडतो. मी हाताला लावायचं क्रीम पुढे केलं. बोटाचं टोक टेकवण्याऐवजी पेराचा मऊ भाग टेकवा म्हटलं. किती वेळ दाबल्यावर 'लांब दाबलं' असं फोनने धरायचं, ते सेटिंगमध्ये वाढवता येतं, तेही वाढवलं. तिसऱ्या प्रयत्नात माझा फोन वाजला. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे," काका म्हणाले. दोन वर्षं ते हीच शंका मनात घेऊन बसले होते, हे मुलीला तेव्हा कळलं.

"तरी हे तुमच्या पिढीचं यंत्र," त्यांनी शेवटचा बचाव केला. त्यावर मी मार्टिन कूपर यांची गोष्ट सांगितली. हातात धरून चालता चालता बोलता येईल अशा फोनवरून पहिला कॉल या माणसाने केला, ३ एप्रिल १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर. फोन जवळजवळ एक किलोचा. कूपर यांचा जन्म १९२८ चा. "म्हणजे माझ्याहून मोठा!" काकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि फोनकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

बावीस कॉलचा उलगडाही त्याच दिवशी झाला. त्यांना पाठमोरं बसवून मी फोन वाजवला. पक्ष्याच्या किलबिलाटासारखी नाजूक रिंगटोन, नातवाने निवडलेली. काका ढिम्म. वयाने ऐकू कमी येऊ लागतं ते आधी बारीक, उंच पट्टीतल्या आवाजांचं; आणि साठीपुढच्या चारांतल्या एकाहून अधिक लोकांची श्रवणशक्ती रोजच्या व्यवहारात अडचण यावी इतकी कमी झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात फोन कपाटात, रुमालात. जुन्या टेलिफोनच्या घंटेसारखी घरघरीत रिंग लावली आणि काका दचकून वळले. "हां! आता फोन वाटतोय."

आता मूळ प्रश्न. हवाच का?

माझं मत सांगते. जो एकटा राहतो किंवा एकटा बाहेर पडतो, त्याच्याजवळ फोन असावा. वाजला तर ऐकू यावा, गरज पडली तर लावता यावा, इतपत. त्याला बटणांचा साधा फोन पुरतो. लँडलाइन खिशात येत नाही. शिवाय जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून घरातले दिवे गेले तरी तो चालायचा. हल्ली इंटरनेटच्या डबीला जोडलेला लँडलाइन असतो, तो दिव्यांबरोबरच गप्प होतो, हे पुष्कळांच्या लक्षातच आलेलं नसतं. स्मार्टफोन ही वेगळी बाब. बँक, दवाखान्याची वेळ, तिकीट, सगळं ॲपवर आणि ओटीपीवर येऊन ठेपलंय. ज्याला आपले व्यवहार आपल्या हातात ठेवायचेत त्याला तो उपयोगी. ज्याला ते नकोसे झालेत त्याच्या गळ्यात का मारायचा?

सगळ्यांनाच हवा असंही मी म्हणणार नाही. एक आजी आठवतात, वय ८८, घरात माणसांचा राबता, कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. मोबाईल म्हणजे त्यांना हातात धरून बसायची एक थरथरणारी वस्तू होती. मुलाला म्हटलं, काढून घ्या आणि समोर बसून बोला. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्यांच्या हातात नवा, सुधारलेला फोन देणंही बहुतेक वेळा फसतं. तिथे सवयीचा जुनाच चालेल तितके दिवस चालवावा.

आणि मुलांना हे मी आवर्जून सांगते: फोन घेऊन दिला म्हणजे म्हातारं माणूस सुरक्षित झालं, असं होत नाही. पडतात ती बाथरूममध्ये, आणि फोन असतो बाहेर चार्जिंगला. तिथे कामाला येतात भिंतीला धरायचे दांडे, न घसरणारी पायपुसणी, गळ्यात घालायचं मदतीचं बटण किंवा पडलं की ओळखणारं घड्याळ. आणि सगळ्यात आधी, घराची दुसरी किल्ली ठेवणारा शेजारी.

काकांच्या घरी काय ठरलं ते थोडक्यात. बाहेर जाताना खिशात बटणांचा फोन. स्मार्टफोन टेबलावर, रुमालाशिवाय. ओरखडे पडले तर पडू देत, हे मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दिवसाचा एकच फोन, संध्याकाळी, आणि तोही आलटून पालटून, एक दिवस ती करणार, एक दिवस ते. तिने केलेला उचलला नाही तर अर्धा तास थांबायचं, पुन्हा एकदा करायचा, मग किल्लीवाल्या शेजाऱ्यांना. गाडी काढणं त्यानंतर. अर्धा तास तिला फार वाटला. घासाघीस झाली, वीस मिनिटांवर तुटलं.

बँकेतला नंबर बदलायची गोष्ट निघाली तेव्हा मात्र ती हट्टाला पेटली. "आणि कुणी फसवलं म्हणजे? रोज ऐकतो आपण!" भीती खोटी नव्हती. काकांनी वहीचं पान पुढे केलं, त्यांनी आधीच लिहून आणलं होतं: 'घाई करणाऱ्याशी बोलायचं नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हिलासुद्धा नाही. फोन ठेवायचा, वहीतल्या नंबरवर आपण बँकेला फोन करायचा.' 'हिलासुद्धा नाही' खाली दोन रेघा होत्या. मुलीने ते वाचलं आणि काही बोलली नाही. पुढच्याच आठवड्यात दोघं जाऊन नंबर बदलून आले.

महिन्याभराने काकांनी मला एक फोटो दाखवला. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं, फोटो काढून दोन बोटांनी मोठी केलेली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मेसेज ते आजही पाठवत नाहीत. "टाइप करत बसण्यापेक्षा फोन करावा. नाहीतर पत्र."

परवा मुलीचा फोन आला. आवाजात तीच जुनी धास्ती, पण जरा चिडलेली.

"मॅडम, काल बाबांचा फोन पाऊण तास बिझी लागत होता. पाऊण तास! मी वीस मिनिटं थांबले, पुन्हा केला, तरी बिझीच. शेवटी लागला तेव्हा विचारलं, कुणाशी बोलत होतात एवढं? तर म्हणतात, तुला कशाला सांगू?"

मी गप्प राहिले.

"तुम्हाला काही माहीत आहे का? कुणाशी बोलत असतील?"

मला खरंच माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.