टायटॅनियम पहिल्यांदा लेथवर लावताना

उद्यमनगरात तू आजवर बिडाचे जॉब कापलेस. उपग्रहाच्या इंधनटाकीचं टायटॅनियम त्या सवयीने कापू नकोस. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला हा मिश्रधातू उष्णता फारशी पुढे जाऊ देत नाही, बहुतेक टूलच्या टोकावर साठते. म्हणून वेग कमी ठेव: कार्बाइड टूलने ५० मिमी व्यासाला साधारण ३०० आरपीएम, फीड, म्हणजे दर फेऱ्याला टूल पुढे सरकतं ते अंतर, ०.१५ मिमीच्या आसपास, कूलंट थेट टूलच्या धारेवर. फीड मधेच थांबवू नकोस. टूल नुसतं घासत राहिलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढच्या पासला धार उडते. टाकीची पातळ भिंत टूलच्या दाबाने मागे सरते, तेव्हा शेवटचा पास घ्यायच्या आधी टूल नवं लाव.

आता महत्त्वाचं. बारीक चिप्स पेटतात. पेटल्या तर पाणी अजिबात मारू नकोस, त्याने हायड्रोजन सुटतो आणि भडका वाढतो. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची डी वर्गाची पावडर टाक. ट्रे रोज साफ ठेव.

धुताना क्लोरीनचं सॉल्व्हंट नको. धुतलेल्या जॉबला उघडा हातही नको, कारण घामातलं मीठ पुढे गरम करताना तडे पाडतं.