रोजच्या खर्चातून माइल्स: आधी तिकीट ठरवा, मग कार्ड

प्रश्न असा आहे की वर्षातून एक-दोनदाच विमानप्रवास होतो, मग किराणा, इंधन, बिलं यांच्या खर्चातून फुकट तिकिटाइतके माइल्स (एअरलाइनच्या बक्षीस कार्यक्रमातले पॉइंट, जे देऊन तिकीट घेता येतं) जमतील का, आणि त्यासाठी कोणतं कार्ड घ्यावं. जमतात. पण कार्डाचा विचार शेवटी करा. कुठे जायचंय, किती जण, कोणत्या महिन्यात, हे आधी कागदावर लिहा. त्या मार्गावर कोणत्या एअरलाइनच्या कार्यक्रमातून किती माइल्सला तिकीट मिळतं, हे तिच्या साइटवर आज तपासा. कोणत्या कार्यक्रमात माइल्स हवेत हे एकदा कळलं, की कार्डाची निवड सोपी होते.

ज्या विमानाने उडायचं त्याच एअरलाइनचे माइल्स लागतात असं नाही. स्टार अलायन्स (1997), वनवर्ल्ड (1999) आणि स्कायटीम (2000) हे एअरलाइन्सचे तीन गट आहेत, आणि एकाच गटातल्या कंपन्या एकमेकींच्या माइल्सवर तिकिटं देतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल्स लुफ्तान्सावर चालतात, ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस वनवर्ल्डच्या इतर विमानांवर चालतात. एकाच विमानातल्या एकाच सीटला दोन कार्यक्रम वेगवेगळे माइल्स मागतात आणि करही वेगळे लावतात, त्यामुळे निदान दोन ठिकाणी शोधा.

आता कार्ड. जाहिरातीतला 'दर 100 ला 5 पॉइंट' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कार्डाचे पॉइंट एअरलाइनकडे ट्रान्सफर केले की त्यांचे माइल्स किती होतात ते बघा. 5 पॉइंटला 1 माइल असेल तर ते कार्ड 100 ला 1 माइलच देतं. 100 ला 2 पॉइंट देणारं आणि 1:1 ने ट्रान्सफर करणारं साधं दिसणारं कार्ड त्याच्या दुप्पट देतं.

मग कॅशबॅकशी तुलना करा, ही पायरी बहुतेक जण गाळतात. समजा तिकिटाची रोख किंमत 40,000 आहे. रिवॉर्ड तिकिटाला (माइल्सवर मिळणाऱ्या तिकिटाला) 25,000 माइल्स आणि वर 8,000 कर लागतो. म्हणजे वाचले 32,000, एका माइलला 1.28. 100 ला 1 माइल मिळत असेल तर 25,000 माइल्ससाठी 25 लाखांचा खर्च लागेल. तेवढ्याच खर्चावर दीड टक्का कॅशबॅकचं कार्ड 37,500 देतं, म्हणजे इथे माइल्स तोट्याचे. 100 ला 2 माइल्स मिळत असतील तर खर्च साडेबारा लाख, कॅशबॅक 18,750, आणि माइल्स स्पष्टपणे पुढे. करात 'फ्युएल सरचार्ज' (इंधनाचा अधिभार) मोठा असेल तर सगळं गणित पुन्हा फिरतं, म्हणून बुकिंगच्या शेवटच्या पानावरचा आकडाच धरा. वार्षिक फी यातून वजा करायला विसरू नका. आणि महिन्याचं बिल पूर्ण भरता येत नसेल तर हा उद्योग करूच नका; एका महिन्याचं व्याज काही महिन्यांचे माइल्स खाऊन टाकतं.

सगळ्यात जास्त गळती होते ती टप्प्यांमध्ये. बरीच कार्डं पॉइंट पूर्ण टप्प्यांवरच देतात आणि तेही प्रत्येक व्यवहाराला वेगळे मोजून. समजा दर 150 ला 4 पॉइंट आहेत. 290 च्या बिलावर एकच टप्पा पूर्ण होतो, 4 पॉइंट. उरलेले 140 वाया. अशी 20 बिलं म्हणजे 5,800 खर्च आणि 80 पॉइंट. तेच 5,800 एका बिलात गेले असते तर 38 टप्पे, 152 पॉइंट. म्हणून किराणा आठवड्याचा एकदम भरा, आणि फुटकळ खर्चाला स्टेटमेंटच्या एकूण रकमेवर पॉइंट देणारं दुसरं कार्ड ठेवा. हे कार्डाच्या अटींमध्ये बारीक अक्षरात असतं, पण असतं नक्की.

दुसरी गळती मर्चंट कॅटेगरी कोडची. कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला चार आकडी कोड असतो. 5411 किराणा, 5541 पेट्रोल पंप, 4900 वीज-पाणी, 6300 विमा, 6513 घरभाडं, 9311 कर, 6540 वॉलेट किंवा प्रीपेड लोड. बँक दुकानाची पाटी वाचत नाही, ती हा कोड वाचते. सुपरमार्केटच्या आवारातला कॅफे वेगळ्या कोडवर असू शकतो, आणि एखादं बिल मधल्या पेमेंट अ‍ॅपमधून भरलं की कोड त्या अ‍ॅपचा लागू शकतो. इंधन, भाडं, विमा, कर, वॉलेट लोड यांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट नसतात, किंवा महिन्याची कमाल मर्यादा असते. मोठी रक्कम भरण्याआधी त्याच ठिकाणी एक छोटा व्यवहार करा आणि तो स्टेटमेंटवर पक्का झाला की पॉइंट आले का ते पाहा. कार्डाने भरायला 2 टक्के जादा घेत असतील आणि 100 ला 1 माइल मिळत असेल, तर एक माइल 2 ला विकत घेतल्यासारखं आहे. वरच्या उदाहरणात त्याची किंमत 1.28 होती.

नव्या कार्डाचा जॉइनिंग बोनस हा माइल्स जमवायचा सगळ्यात जलद मार्ग. तो ठरलेल्या मुदतीत ठरलेला खर्च केला की मिळतो. ही मुदत बहुधा कार्ड मंजूर झाल्याच्या दिवसापासून मोजतात, कार्ड हातात आल्यापासून नाही. वार्षिक फी, ईएमआय, रोख उचल त्या खर्चात धरत नाहीत. शेवटच्या दिवशी केलेला व्यवहार दोन दिवसांनी पोस्ट झाला तर हुकू शकतो, म्हणून आठवडाभर आधीच आणि थोडा जास्तच खर्च पूर्ण करा. विमा, फी, घरातली मोठी खरेदी आधीच ठरलेली असेल तेव्हाच अर्ज करा. बोनससाठी नको त्या वस्तू घेतल्या की तिकीट फुकट राहत नाही.

ऑनलाइन खरेदीला एअरलाइनचं किंवा बँकेचं शॉपिंग पोर्टल वापरलं तर कार्डाच्या पॉइंटवर वेगळे माइल्स मिळतात. अ‍ॅड-ब्लॉकर बंद ठेवा, कार्ट रिकामी करून मगच पोर्टलच्या लिंकवरून दुकानात जा आणि त्याच टॅबमध्ये पैसे भरा. मध्येच दुसऱ्या साइटवरून कूपन कोड आणला किंवा दुकानाचं अ‍ॅप उघडलं की ट्रॅकिंग (तुम्ही पोर्टलवरून आल्याची नोंद) तुटतं. ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार करताना तोच कामी येतो. माल परत केला की माइल्सही परत जातात.

पॉइंट ट्रान्सफर उलटा फिरवता येत नाही, म्हणून ट्रान्सफरवर जादा माइल्सचा बोनस दिसला तरी घाईने पाठवू नका. आधी हव्या त्या तारखेला सीट दिसते का बघा, बँक आणि एअरलाइन दोन्हीकडे नाव तंतोतंत सारखं आहे ना तपासा, मगच लागतील तेवढे पाठवा. काही ट्रान्सफर मिनिटांत होतात, काहींना दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते.

साठवून ठेवण्यातही अर्थ नाही. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने 2015 मध्ये माइल्सच्या ठरलेल्या दरांचे तक्तेच साइटवरून काढले. तेव्हापासून रोख भाड्याप्रमाणे माइल्सचा दर हलणं बऱ्याच ठिकाणी रुळलंय. मुदतीही वेगळ्या: क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, क्वांटासचे 18 महिने खात्यात काही हालचाल नसेल तर, एव्हिऑसचे तसेच 36 महिन्यांनी. डेल्टा आणि युनायटेडच्या माइल्सना मुदत नाही. हालचाल म्हणजे उड्डाणच लागतं असं नाही, पोर्टलवरून केलेली छोटी खरेदीही बहुधा चालते.

तुमच्यासारख्या कमी उडणाऱ्यांनी पॉइंट बँकेतच राहू द्यावेत, एकच कार्यक्रम लक्ष्य ठेवावा, आणि प्रवासाच्या तारखेच्या 10-11 महिने आधीपासून सीट शोधायला लागावं; बहुतेक एअरलाइन्स साधारण तेव्हाच बुकिंग खुलं करतात. चौघांना एकाच विमानात रिवॉर्ड सीट मिळणं अवघड असतं, दोघं-दोघं करून शोधलं की पर्याय वाढतात.