‘निकट-अवरक्त वर्णपटलेखक’ : निकट कोणाच्या?

हिंगोली जिल्ह्यातील एक विज्ञानशिक्षक मोठ्या दुर्बिणीसाठी निकट-अवरक्त वर्णपटलेखक (नियर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे तांबड्यालगतच्या अदृश्य प्रकाशाचा वर्णपट नोंदवणारे यंत्र) कसा घडवतात, यावर विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहीत आहेत. ‘निकट’ म्हणजे कोणाच्या निकट, आणि ‘लेखक’ऐवजी ‘दर्शक’ किंवा ‘मापक’ चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

‘अवरक्त’मधील रक्त म्हणजे तांबडा रंग आणि अव हा उपसर्ग म्हणजे खाली. तांबड्या प्रकाशापेक्षा ज्याची वारंवारता खाली आहे, तो अवरक्त. त्याची तरंगलांबी मात्र तांबड्याहून जास्त असल्यामुळे, वारंवारतेचा उल्लेख न करता नुसते ‘खालचा’ म्हटले तर विद्यार्थ्यांचा गोंधळ हमखास उडतो. ‘निकट’ हे विशेषणही ताऱ्याच्या अंतराविषयी काही सांगत नाही. दृश्य तांबड्याला लागून असलेला, ढोबळमानाने ०.८ ते २.५ मायक्रोमीटरचा पट्टा म्हणजे निकट-अवरक्त. विश्वाच्या प्रसरणामुळे अतिदूरच्या दीर्घिकांचा मूळचा दृश्य व जंबुपार प्रकाश ताणला जाऊन याच पट्ट्यात येतो, म्हणून हा खुलासा टिपणात अवश्य हवा.

‘वर्णपटदर्शक’ इथे मुळीच बसत नाही. त्यात डोळ्याने पाहणे गृहीत आहे आणि हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. इतकेच नव्हे, तर नेहमीच्या कॅमेऱ्यातील सिलिकॉनही सुमारे १.१ मायक्रोमीटरच्या पुढे त्याला पारदर्शक ठरते, त्यामुळे पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा संवेदक वापरावा लागतो. ‘मापक’ चूक नाही. नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटर दुर्बिणीवरचे ‘टॅनस्पेक’ हे असेच यंत्र स्वतःला स्पेक्ट्रोमीटरच म्हणवते. तरीही, ग्रेटिंगने (प्रकाशाचे घटक रंग वेगळे करणाऱ्या, बारीक रेघांच्या पट्टीने) पसरवलेला वर्णपट संवेदकावर नोंदवून ठेवणे हे या यंत्राचे मुख्य काम असल्याने माझा कौल ‘लेखक’ला आहे.

या यंत्राच्या घडणीत सर्वांत कसोटी लागते ती थंडाव्याची. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात दिवसभर तापलेली दगडी भिंत रात्री धग देत राहते, तसे सामान्य तापमानाचे यंत्रही स्वतः अवरक्त किरण सोडते आणि २ मायक्रोमीटरच्या पुढे मंद ताऱ्याचा प्रकाश त्या धगीत बुडून जातो. म्हणून आरसे, भिंगे, ग्रेटिंग आणि संवेदक निर्वात क्रायोस्टॅटमध्ये (आतले भाग अतिथंड राखणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून अतिशय थंड करतात. शिवाय वातावरणातील अस्थिरतेची दुरुस्ती केली नाही, तर तेवढीच विभेदनक्षमता (जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखण्याची क्षमता) राखण्यासाठी दुर्बिणीच्या व्यासाबरोबर वर्णपटलेखकही मोठा करावा लागतो आणि थंड करायचे वजन वाढते. क्रायोस्टॅटच्या भांड्यासाठी ‘शीतगृह’ लिहू नये. तो शब्द शेतमालासाठी रुळलेला आहे. ‘क्रायोस्टॅट’च ठेवावा.

औंढा नागनाथजवळच्या लायगो प्रकल्पाचे उदाहरण मात्र या टिपणात घेऊ नये, कारण तेथे ताऱ्यांच्या प्रकाशाचा नव्हे, तर गुरुत्वीय लहरींचा वेध घेतला जाणार आहे.